टॉवरवरच्या अँटेनापासून रेडिओपर्यंत येणारी कोॲक्स केबल (मध्ये तार, भोवती तांब्याची जाळी) मध्येच तुटली आहे. सोल्डर करून टेप गुंडाळली तर चालेल का?

नाही, दोन्ही टोकांना एन-टाइप कनेक्टर (आट्यांनी घट्ट बसणारे) बसवा आणि मध्ये फिमेल-टू-फिमेल बॅरल, म्हणजे दोन्ही कनेक्टर जोडणारा तुकडा, घालून जोडा. नुसत्या सोल्डरच्या सांध्यात आतली तार आणि जाळी यांच्यातलं अंतर बिघडतं, तिथे केबलचा ठरलेला ५० ओहम इम्पीडन्स राहत नाही आणि थोडी पॉवर उलटी फिरते. पण टॉवरवर खरा शत्रू पाणी. आधी टोक सोलून बघा: जाळी काळी पडली असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापत जा, नाहीच दिसलं तर सगळी केबल बदला. सांध्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) रबर टेप ताणून, खालून वर गुंडाळा, म्हणजे कौलांवरून ओघळावं तसं पाणी निघून जातं. वरून उन्हासाठी काळी पीव्हीसी टेप. आंबट वासाचं सिलिकॉन मात्र नको, त्यातून सुटणारं ॲसिटिक ॲसिड तांबं खातं. आणि खाली रेडिओपाशी एसडब्ल्यूआर (किती पॉवर उलटी फिरते ते सांगणारा मीटरचा आकडा) चांगला दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका; पाणी शिरलेली केबल पॉवर स्वतःच गिळते, मीटर बिचारा छान आकडा दाखवतो. फक्त ७ मेगाहर्ट्झवरच काम असेल तर नीट केलेला, पाणी न शिरणारा सोल्डरचा सांधाही खपून जातो. १४५ मेगाहर्ट्झला, आणि त्याहून वर ४३५ ला, नाही.