सौर प्रकल्प १९ टक्केच चालतो, म्हणजे तो फसला का?

धुळे जिल्ह्यातील साक्रीच्या १२५ मेगावॅटच्या सौर प्रकल्पाचा दाखला देऊन आपण विचारले आहे की, असे प्रकल्प क्षमतेच्या १९-२० टक्केच वीज देत असतील तर बाकीची क्षमता वाया जाते का.

वाया जात नाही. हा आकडा, म्हणजे सीयूएफ (कपॅसिटी युटिलायझेशन फॅक्टर, पूर्ण क्षमतेच्या तुलनेत प्रत्यक्ष आलेली वीज), काढताना वर्षाचे सगळेच्या सगळे ८,७६० तास धरतात. त्यात रात्री आल्या, पावसाळा आला आणि सकाळ-संध्याकाळचे कलते ऊनही आले. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१२ च्या दरनियमांत सौर प्रकल्पांसाठी १९ टक्केच गृहीत धरले होते. त्या हिशेबाने १२५ मेगावॅटला वर्षाकाठी सुमारे २०.८ कोटी युनिट येतात.

मी खानदेशातल्याच दुसऱ्या एका प्रकल्पाची देखभाल पाहतो. प्रकल्पाची तब्येत जोखायला आम्हाला पीआर, म्हणजे परफॉर्मन्स रेशो, जास्त उपयोगी पडतो: पॅनेलवर प्रत्यक्ष पडलेल्या उन्हातून जेवढी वीज निघायला हवी, तिच्यातली किती निघाली. समजा, १ मेगावॅटच्या पॅनेलवर दिवसभरात दर चौरस मीटरला ६ युनिट ऊन पडले, म्हणजे ६,००० युनिट वीज निघायला हवी होती, आणि ४,७०० युनिट आली, तर सीयूएफ १९.६ टक्के भरतो, पण पीआर ७८ टक्के. श्रावणातल्या दिवशी ऊन ३ युनिट आणि वीज २,४५० युनिट असेल, तर सीयूएफ १० टक्क्यांवर घसरतो आणि पीआर मात्र ८२ टक्क्यांपर्यंत चढतो, कारण पॅनेल थंड असते आणि पावसाने धुतलेले असते. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते, तर मे महिन्यात त्याचे तापमान ६५ अंशांपर्यंत जाते; दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के शक्ती घटते, म्हणजे सरळ १४ ते १६ टक्क्यांचा फटका.

धुळीचा फटका मात्र टाळता येतो, आणि तो टाळला जात नाही तेव्हा मला खरोखर वाईट वाटते. एका एप्रिलमध्ये आकाश निरभ्र असूनही आमचा पीआर उतरत होता. कच्च्या रस्त्यालगतच्या ओळींत क्लॅम्प मीटर (तारेतला प्रवाह मोजणारे उपकरण) लावला, तर न धुतलेल्या स्ट्रिंगमध्ये (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेत) ८.१ अँपिअर आणि शेजारच्या धुतलेल्या स्ट्रिंगमध्ये ८.८. पहाटेच्या दवाने धूळ खाली ओघळून पॅनेलच्या खालच्या कडेला पापुद्र्यासारखी थिजली होती, आणि नुसत्या पाण्याने ती निघेना. ब्रशने घासावी लागली. तेही उजाडायच्या आत, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडले की तडा जाण्याची भीती असते.

तेव्हा एखाद्या प्रकल्पाविषयी मत बनवण्यापूर्वी त्याचा महिनावार पीआर आणि ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणारे जाळे, बंद असल्याचे तास मागून घ्यावेत.