पैठणी पाठवली, परत आली विटलेली सिंथेटिक साडी, आता काय करायचं?

पैठण तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. घरी दोन माग आहेत, त्या आणि त्यांचे मिस्टर स्वतः विणतात, कामाला कुणी नाही, दोन वर्षापासून ऑनलाइन विकतात. लग्नसराईत १८,५०० ची पैठणी पुण्याला गेली, सहाव्या दिवशी "फोटोसारखी नाही" म्हणून रिटर्न पडली आणि बॉक्स उघडला तर आत कुणीतरी नेसून नेसून विटवलेली सिंथेटिक साडी. कस्टमरला पैसे परत गेलेले. प्लॅटफॉर्मवर क्लेम टाकला तर "फोटो पुरेसे नाहीत" म्हणून बंद केला. महिन्याभराने त्याच पत्त्यावरून दुसऱ्या नावाने ऑर्डर आली आणि पुन्हा तसंच. ठाण्यात गेल्या तर "हे सिव्हिल मॅटर आहे, अन् कस्टमर पुण्याचा, तिकडं जा" असं म्हणायलेत. ताई विचारतात, त्या कस्टमर बाईचं नाव-नंबर आमच्या सेलर लोकांच्या ग्रुपवर टाकू का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. टाकू नका. तुमचा राग मला कळतो, दोन साड्या म्हणजे दोन माणसांची कितीतरी आठवड्यांची मेहनत गेली. पण साडी कुणी बदलली हे तुम्हाला अजून माहीत नाही. ते पार्सल कस्टमरकडून पिकअपवाल्या पोराकडे, तिथून कुरिअरच्या हबवर, म्हणजे पार्सल गोळा होतात त्या केंद्रावर, मग गाडीत, पुन्हा आपल्याकडच्या हबवर असं येतं, आणि यातल्या कुठल्याही हातात बॉक्स उघडला गेलेला असू शकतो. तुम्ही म्हणाल पत्ता दोन्ही वेळा तोच आहे. बरोबर आहे, मलाही पहिला संशय तिथंच जातो, पण पत्ता तोच म्हणजे पिकअपवालाही बहुतेक तोच. उद्या ती बाई निर्दोष निघाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची केस उलटी तुमच्यावर होऊ शकते.

म्हणून सगळ्यात आधी वजन शोधा. पार्सल जाताना हबवर वजन होतं कारण शिपिंगचे पैसे त्यावरच कापतात, आणि येताना पण बऱ्याचदा होतं. तुमच्या सेलर पॅनेलवर जातानाचं वजन दिसेल, येतानाचं नसेल दिसत तर ईमेल करून मागा. समजा जाताना ९०० ग्रॅम होतं आणि पुण्याच्या हबवर रिटर्नची पहिली नोंदच ४०० ग्रॅमची असली तर साडी कस्टमरच्या घरात किंवा पिकअपच्या वेळीच बदललीय, आणि पुण्यात ९०० असून तुमच्या गावी ४०० झालं असेल तर बाईंचा काही संबंध नाही, चोर वाटेत आहे. या एका आकड्यावर तुमची अख्खी केस कुणाविरुद्ध आहे ते ठरतं. तो मेल आजच पाठवा, त्यात पिकअपच्या वेळचा फोटो आणि हबचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असंही लिहा, कारण फुटेजवर काही दिवसांनी नवीन रेकॉर्डिंग चढतं.

आता पोलिसांचं. "सिव्हिल मॅटर" हे उत्तर इथं चालत नाही. दुसरीच साडी बॉक्समधे घालून रिफंड घेणं ही फसवणूक आहे, न्याय संहितेचं कलम ३१८(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र गुन्हा. वाहतुकीत कुणी काढली असेल तर ३१६(३), म्हणजे माल पोचवायला घेतलेल्या माणसाने केलेला विश्वासघात, तिथंही सात वर्षांपर्यंतच. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१३ मधे ललिता कुमारी केसमधे सांगून ठेवलंय. आणि पुण्याला जायची गरज नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम २०२ प्रमाणे फसलेल्या माणसाने माल जिथून दिला किंवा फसवणुकीचे मेसेज जिथं मिळाले तिथल्या कोर्टात केस चालते, म्हणजे आपल्याकडं चालते. हद्दीचा फारच घोळ घातला तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा एफआयआर, आहेच, कलम १७३. अर्जात त्या बाईला आरोपी म्हणून लिहू नका, "अनोळखी इसम" लिहा, खाली संशय म्हणून दोन्ही ऑर्डरचा पत्ता, तारखा, ऑर्डर नंबर द्या. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. तरी नाही घेतला तर ग्रामीणच्या एसपींना स्पीड पोस्टाने, आणि त्यानंतर कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे, तिथं अर्जासोबत शपथपत्र लागतं.

प्लॅटफॉर्मने क्लेम बंद केला म्हणजे विषय संपला असं नाही. सगळ्यांना वाटतं ग्राहक कोर्ट फक्त गिऱ्हाइकांसाठी आहे. पण २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी माल विकत घेणारा माणूस पण ग्राहकच धरलाय, त्या सवलतीत सेवेचा शब्द स्पष्ट नाही, पण तेच तत्त्व सेवेलाही लावा असं म्हणता येतं, कारण तुम्ही प्लॅटफॉर्मला कमिशन देऊन त्यांची सेवाच घेता ना. दोन माग, नवरा-बायको विणणारे, नोकर नाही, ही तुमची जमेची बाजू. समोरून "हा धंदा आहे, ग्राहक नाही" असा आक्षेप शंभर टक्के येणार, त्यामुळं मी निकालाची खात्री देत नाही, पण तुमची परिस्थिती बघता लढण्यासारखं आहे असं माझं मत आहे. करारात लवादाचं कलम असेल, कोर्ट बेंगळुरू-दिल्लीचं लिहिलेलं असेल, तरी ग्राहक आयोगाचा रस्ता त्याने बंद होत नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी वकिलामार्फत नोटीस द्या.

पुढच्या साड्यांसाठी सगळे सांगतात व्हिडिओ काढा. काढाच, पण कापाकापी न करता एका दमात, साडी, वजनकाटा, सीलपट्टी आणि लेबल एकाच फ्रेममधे, आणि रिटर्न आल्यावर उघडताना पण तसंच, आधी बॉक्सच्या सहाही बाजू दाखवून. व्हिडिओ कोर्टात कसा टिकतो त्याचा मोठा निकाल आपल्या जालन्याच्याच केसमधला आहे. २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज वेळेत भरला का नाही यावरून वाद झाला, निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं रेकॉर्डिंग पुराव्यात आलं, हायकोर्टाच्या आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठातून ते सुप्रीम कोर्टात गेलं आणि १४ जुलै २०२० ला अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात कोर्टाने सांगितलं की कॉपी देणार असाल तर ती कुठल्या यंत्रातून कशी काढली याचं सर्टिफिकेट पाहिजेच, मूळ यंत्रच मालकाने कोर्टात आणलं तर नको. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, आता साक्ष अधिनियमात ६३ झालंय आणि सर्टिफिकेटमधे फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ओळख-कोड, पण लिहावी लागते. म्हणून ज्या मोबाईलवर काढलं तो विकू नका, क्लिप डिलीट करू नका, व्हॉट्सअपवर पाठवलेली कॉपी ओरिजिनल म्हणून धरू नका, ती दाबून लहान होते आणि हॅश बदलते.

तरी व्हिडिओपेक्षा मला साडीची ओळख जास्त महत्त्वाची वाटते. उद्या कुणी सिंथेटिकऐवजी स्वस्तातली मशीनची पैठणी परत पाठवली तर व्हिडिओत दोन्ही सारख्याच दिसतील, तेव्हा काय कराल? हातमागाच्या दोन साड्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पदराच्या मागच्या बाजूचे दोन-तीन जवळून फोटो, एखादी बुट्टी थोडी सरकलेली, एखाद्या धाग्याची गाठ, ती काठापासून किती अंतरावर आहे, हे प्रत्येक साडीच्या नंबरासोबत वहीत लिहून ठेवा, हा त्या साडीचा अंगठाच आहे. टॅग पदरावर अशा ठिकाणी शिवा की न काढता नेसताच येणार नाही. लग्नात नेसून अत्तर-हळदीच्या वासासकट परत पाठवणारे पण आहेत, तिथं फौजदारी करणं अवघड जातं, पण तुटलेला टॅग क्लेमला कामाला येतो. एक मात्र, "रिटर्न अजिबात नाही" असं लिहू नका, खराब किंवा वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांमधे विक्रेता नाही म्हणू शकत नाही.

आणि ताई, ती सिंथेटिक साडी चीड येऊन टाकून दिली नसेल तर धुवू नका, कुणाला देऊ नका, ज्या बॉक्समधे आली त्या बॉक्ससकट, लेबलसकट, एका पिशवीत बांधून कपाटात ठेवा, पोलिसांना पंचनामा तिचाच करावा लागणार आहे.