पायलट यशस्वी झाला, तरी नवी प्रणाली रोजच्या वापरात का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीने कामांची नोंद ठेवणारी नवी प्रणाली घेतली, एका विभागात काही महिने चालवून पाहिली (हाच पायलट, म्हणजे छोटी चाचणी), सगळे खूश होते. मग ती सगळ्या विभागांना दिली आणि आता जो तो परत एक्सेलवर. लोक बदलाला घाबरतात म्हणून असं होतं का, आणि प्रशिक्षण वाढवलं तर फरक पडेल का?

दोन्हींचं उत्तर माझ्या मते बहुतेक वेळा ‘नाही’ असंच आहे. मी कारखान्यांमध्ये अशा प्रणाली बसवण्याचं काम करतो. त्यामुळे उदाहरणं यंत्रांची येतील, पण दुखणं तेच.

आधी पायलटकडे नीट बघा. त्यासाठी आपण सगळ्यात उत्साही साहेबाचा विभाग निवडतो. पुरवठादाराचा माणूस तिथे ठाण मांडून बसलेला असतो, काही अडलं की तो लगेच उठून सोडवतो. वरिष्ठ रोज विचारपूस करतात. खर्च वेगळ्या खात्यातून जातो, म्हणून कोणाच्याच बजेटला झळ लागत नाही. इतक्या लाडात काहीही चालेल! पुढे सगळीकडे लागू करताना यातलं काहीच सोबत जात नाही, जातं ते फक्त सॉफ्टवेअर. ‘हे चालतं का?’ याचं उत्तर मिळालेलं असतं. ‘हे यापुढे कोणाचं काम, आणि त्याच्या बदल्यात कोणतं काम बंद होणार?’ हे कोणी विचारलेलंच नसतं.

एका कारखान्यात जवळून पाहिलेली गोष्ट सांगतो. मेंटेनन्सच्या लोकांना टॅबलेट दिले होते. यंत्र बंद पडलं की फिटरने तिथेच नोंद करायची: कधी बंद पडलं, कशामुळे, कधी सुरू झालं. महिनाअखेरची आकडेवारी फारच सुबक निघाली. प्रत्येक ब्रेकडाउन दहा, पंधरा, वीस नाहीतर तीस मिनिटांचा. सतरा मिनिटांचा एकही नाही. नोंदी केव्हा भरल्या ते पाहिलं तर बहुतेक सगळ्या शिफ्ट सुटायच्या जरा आधी, एकापाठोपाठ एक. आणि कारणाच्या रकान्यात जिकडे तिकडे ‘इतर’.

शॉप फ्लोअरवर थोडा वेळ उभं राहिल्यावर उलगडा झाला. फिटर आधी जुन्या रजिस्टरमध्ये लिहीत होते, कारण शिफ्ट इनचार्जची सही रजिस्टरवर व्हायची आणि ऑडिटलाही रजिस्टरच मागायचे. टॅबलेट म्हणजे तेच पुन्हा उतरवून काढायचं जादा काम. त्यात कारणांची यादी इतकी लांबलचक, की तेलकट बोटाने ती सरकवत बसण्यापेक्षा ‘इतर’ दाबलेलं बरं. याला कोणी बदलाची भीती म्हणो, मला तरी ते शहाणपण वाटलं.

तिथे प्रशिक्षणाचा एकही नवा वर्ग घेतला नाही. रजिस्टर बंद केलं, इनचार्जची सही टॅबलेटवर आणली, आणि कारणांची यादी फिटर रोज बोलतात त्या शब्दांत, एका पडद्यावर मावेल एवढी केली. सगळ्यात कामाला आलं ते वेगळंच. स्टोअरमधून बेअरिंग किंवा सील हवं असेल तर नोंदीचा क्रमांक सांगायचा, क्रमांक असला की साहेबाच्या सहीची चिठ्ठी लागणार नाही. पूर्वी त्या सहीसाठी फिटरला अर्धा कारखाना पालथा घालावा लागायचा. आता बिघाड झाला की तो आधी नोंद करायला लागला, कारण पार्ट लवकर हातात पडायचा. मिनिटांचे आकडेही मग आपोआप वेडेवाकडे, म्हणजे खरे, यायला लागले. मात्र रजिस्टर बंद करण्यासाठी वरच्या कोणाला तरी ऑडिटवाल्यांशी बसून बोलावं लागलं. अख्ख्या कामातला सगळ्यात अवघड भाग तोच होता आणि प्रणाली बसवणाऱ्यांच्या हातात तो नव्हता.

जुनी घडी तशीच ठेवून वर नवं चढवलं की काय होतं, याचा सगळ्यात मोठा दाखला विजेचा आहे. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं, पण अमेरिकेतल्या कारखान्यांच्या उत्पादकतेत विजेचा परिणाम ठळक दिसला तो १९२० च्या दशकात. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये या उशिराची फोड केली. वाफेच्या काळात कारखान्यात एकच मोठं इंजिन असायचं. ते छताखालून जाणारा लांबलचक दांडा फिरवायचं आणि त्या दांड्यावरून पट्टे उतरून प्रत्येक यंत्राला गती द्यायचे. एक यंत्र चालवायचं असलं तरी सगळा दांडा फिरवा. यंत्रांची जागाही कामाच्या ओघाने ठरायची नाही, दांड्याच्या सोयीने ठरायची. वीज आल्यावर बहुतेकांनी इंजिन काढून तिथे मोठी मोटर बसवली आणि दांडे-पट्टे तसेच ठेवले. फायदा झाला, पण बेताचाच. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली. दांडा गेला, एकमजली ऐसपैस इमारती आल्या, कच्चा माल जसा पुढे सरकतो तशी यंत्रं मांडता आली. विजेचं खरं चीज तेव्हा झालं. चालू कारखाना कोणी उगाच पाडत नाही, म्हणून याला पिढी गेली. तुमच्या कंपनीतली एक्सेल शीट हा मला तो छताखालचा दांडा वाटतो.

दुसरी गोष्ट, घेणारा कोण? झेरॉक्सचं नाव या विषयात हमखास निघतं. कंपनीच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्राने १९७३ मध्ये माउस आणि चित्रमय पडदा असलेला आल्टो संगणक बनवला, पण त्याचं सोनं दुसऱ्यांनी केलं. हे सांगून लोक थांबतात. पण त्याच केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी कॉपिअरमध्ये फेरफार करून लेझर प्रिंटर बनवला. त्यातून १९७७ मध्ये मिनिटाला १२० पानं छापणारा झेरॉक्स ९७०० बाजारात आला आणि लेझर छपाईने कंपनीला रग्गड पैसा दिला. कंपनी तीच, केंद्रही तेच. माझ्या मते फरक पडला तो घेणाऱ्यामुळे. कागदावर छापणारं यंत्र बनवणारे, विकणारे, दुरुस्त करणारे लोक कंपनीत आधीपासून होते आणि पानांच्या हिशोबाने पैसे घ्यायची पद्धतही मुरलेली होती. संगणकाला असं आयतं घर नव्हतं. १९८१ मध्ये झेरॉक्सचा ‘स्टार’ हा संगणक बाजारात आला तोवर उशीर झाला होता, आणि तो महागही होता.

नासाची तंत्रज्ञान किती तयार आहे हे मोजणारी नऊ पायऱ्यांची पट्टी आता अनेक संस्था वापरतात. चांगली आहे, पण ती वस्तूची तयारी सांगते. ती घेणारं खातं तयार आहे का, याबद्दल तिच्यात काही नाही. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नव्या कल्पना पसरण्याला मदत करणारे पाच गुण मांडले: जुन्यापेक्षा फायदा, आपल्या कामाशी जुळणं, सोपेपणा, थोडं वापरून बघता येणं आणि परिणाम डोळ्यांना दिसणं. पण ते ग्रामीण समाजशास्त्रातून आलेले. शेतकरी बियाणं स्वतः निवडतो आणि त्याचं बरंवाईटही स्वतःच पाहतो. कंपनीत विकत घेणारा एक, वापरणारा दुसरा, आणि अहवाल वाचून खूश होणारा तिसराच. म्हणून फायद्याबद्दल बोलताना ‘कोणाचा?’ हे दर वेळी विचारायला हवं.

तुमच्या बाबतीत मी नवीन काही सुरू करण्याआधी एवढंच शोधेन: ती एक्सेल शीट दर आठवड्याला मागतं कोण? कोणीतरी मागत असणार, नाहीतर लोक ती फुकट कशाला भरतील? बऱ्याचदा ती मागणाराच नव्या प्रणालीच्या खरेदीवर सही करणारा निघतो, कारण बैठकीत त्याला ओळखीचा तक्ता हवा असतो. तसं असेल तर तो तक्ता नव्या प्रणालीतून हुबेहूब निघेल एवढं आधी करून घ्या आणि एक तारीख ठरवून एक्सेल स्वीकारणं त्यांच्याच तोंडून बंद करवा. ते तयार होत नसतील तर का, हे त्यांच्याकडून नीट ऐका. नव्या प्रणालीत एखादा आकडा खरोखरच चुकत असेल, आणि तो फक्त त्यांनाच ठाऊक असेल.