नाताळचे सिनेमे पहिल्यांदाच बघताय? मग एवढं सांभाळा

सुरुवात फ्रँक काप्राच्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'ने (1946) करा, पण लावण्याआधी लांबी तपासा. मूळ सिनेमा सुमारे 130 मिनिटांचा आहे. वीसेक मिनिटं कमी दिसली, तर ती कापलेली प्रत समजा. तिच्यात नायक जन्मलाच नसता तर गावाचं काय झालं असतं, हा भागच नसतो आणि शेवट अधांतरी वाटतो. रंगवलेली प्रतही नको, कृष्णधवलच बघा. चित्र जवळपास चौकोनी आहे. कडेच्या काळ्या पट्ट्या घालवायला ते ताणू नका, चेहरे फुगतात. टीव्हीच्या सेटिंगमधलं 'मोशन स्मूदिंग' बंद करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

पहिला तास संथ वाटेल, तरी उठू नका. नायकाची एकेक इच्छा मागे पडताना पाहिली नसेल, तर नाताळच्या रात्रीचं त्याचं कोसळणं भिडत नाही. यातला बर्फ मुद्दाम पाहा. तेव्हा बर्फासाठी रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरत. ते पायाखाली कुरकुरत आणि संवाद नंतर ध्वनिमुद्रित करावे लागत. इथे साबण-पाण्याचा फेस फवारला, म्हणून आवाज जागेवरच घेता आला. चित्रीकरण मात्र भर उन्हाळ्यातलं!

मुलं सोबत असतील तर आधी 'होम अलोन' (1990) लावा, पावणेदोन तासांत आटोपतो. दोन्ही एकाच रात्री नकोत. दुसऱ्यापर्यंत सगळे पेंगतात.