उजव्या बरगडीखाली

प्रिय,

तुझा रिपोर्ट पाहिला. ‘यकृताचा आकार वाढलेला’ या ओळीखाली तू पेनाने तीनदा रेघ ओढलीयस आणि बाजूला लिहिलंयस, ‘फॅटी लिव्हर?’ असेलही. पण सोनोग्राफीत चरबी आणि ग्लायकोजेन, म्हणजे यकृतात साठवलेली साखर, जवळपास सारखेच दिसतात, आणि टाइप 1 मधुमेहात रक्तातली साखर अशी वरखाली होत असेल तर मला ग्लायकोजेनचा संशय जास्त.

साखर आत घ्यायला यकृताला इन्सुलिन लागत नाही. रक्तात 400 झाली की ती आपसूक पेशीत शिरते आणि तिथेच अडकते. मग आपण घाबरून एकदम मोठा डोस टोचतो. इन्सुलिनचा हुकूम एकच: साठव! दोन दिवस चुकवायचं, तिसऱ्या दिवशी भरपाई करायची, असं चाललं की यकृत ग्लायकोजेनने गच्च भरतं. बरगडीखाली दुखतं, मळमळतं, रक्तातलं एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाल्यावर वाढणारं एन्झाइम, शेकड्यांत जातं. याला ग्लायकोजेनिक हेपॅटोपथी म्हणतात. मोरियाक या फ्रेंच डॉक्टरांनी 1930 मध्ये मधुमेही मुलांमधलं असंच फुगलेलं यकृत आणि खुंटलेली वाढ नोंदवली होती.

साखर ताब्यात आली की बहुतेकदा काही आठवड्यांतच ते ओसरतं.

तरी निदान तू करू नकोस, मीही करत नाही. कावीळ, ऑटोइम्यून हेपॅटायटिस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तो), सीलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारा आजार) यांच्या तपासण्या होऊ देत. आपल्या टाइप 1 वाल्यांना शेवटच्या दोन्हींचा धोका इतरांहून जास्त. डोळ्यांचा पडदाही आधी तपासून घे. खूप दिवस वाढलेली साखर झटक्यात उतरवली तर कधीकधी तो बिघडतो, म्हणून वेग डॉक्टरांना ठरवू दे.

आता अवघड प्रश्न. वजन वाढू नये म्हणून डोस गाळतेस का गं? मी गाळलेत. अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री साखरेची अख्खी वही एका बैठकीत, एकाच पेनाने भरलीय. सगळे आकडे 110 ते 140. डॉक्टरांनी वही मिटली, एचबीए1सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, 12 आल्याचा कागद तिच्यावर ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. त्या आकड्यांवर त्यांनी डोस ठरवला असता तर काय झालं असतं, हे मला फार उशिरा सुचलं.

तेव्हा वही कोरी असली तर कोरीच ने. किती डोस चुकले ते तोंडाने सांग, आणि वजनाची भीतीही सांग. त्यावरही इलाज असतो.

उलट्या सुरू झाल्या किंवा तपासणीत किटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साचणारी आम्लं) दिसले तर मात्र मला मेसेज करत बसू नकोस, थेट हॉस्पिटल गाठ. आजचं बेसल, दिवसभर पुरणारं इन्सुलिन, घेतलंस का?

तुझी,
ताई