'माए'तला डोळा

प्रश्न असा आहे: जपानीच्या पहिल्या पुस्तकात 'माए' म्हणजे 'समोर' असं दिलंय आणि पुढे काही धड्यांनंतर 'सान्नेन माए' म्हणजे 'तीन वर्षांपूर्वी'. हा एकच शब्द की दोन? शिवाय 'शेजारी' म्हणायला 'तोनारी' कधी वापरायचं आणि 'योको' कधी?

एकच शब्द. आणि हे विचारलंत ते बरं झालं, कारण सरावाला बसलेल्या मराठी मुलांच्या तोंडून 'सान्नेन उशिरो' ऐकून माझे कान किटलेत. 'उशिरो' म्हणजे पाठीमागे. आपण 'तीन वर्षांमागे' म्हणतो, ते तसंच्या तसं उचलून तिकडे नेलेलं. परवा एकीने 'तीन वर्षांमागे आजी वारली' हे असं सांगितलं, तर समोरच्या जपानी बाईंना वाक्य लागेचना. शेवटी त्यांनी 'सान्नेन माए?' असं हळूच विचारून घेतलं. 'उशिरो' ही फक्त जागा आहे. तो शब्द काळासाठी वापरत नाहीत.

उए (वर), शिता (खाली), नाका (आत) यांत मराठी माणसाने अडण्यासारखं काही नाही. 'त्सुकुए नो उए नि' हे 'टेबलाच्या वर' याच घडणीचं आहे. 'नो' म्हणजे आपलं चा-ची-चे. जो 'ऑन द टेबल'वरून शिकायला जातो, त्याचाच 'नो' गळतो.

आता 'माए'. जपानीत डोळा म्हणजे 'मे'. समासात त्याचं 'मा' होतं, जसं आपल्या पाणवठ्यात नि पाणबुडीत पाणीचं पाण होतं. पापणी म्हणजे 'माबुता', डोळ्याचं झाकण. पापणीचे केस 'मात्सुगे', डोळ्याचे केस. आणि 'माए' म्हणजे मा अधिक हे, डोळ्याची बाजू. १९४६ च्या लेखनसुधारणेपर्यंत हा शब्द 'माहे' असाच लिहीत. हा 'हे' म्हणजे बाजू किंवा कड. 'उमिबे', म्हणजे समुद्रकाठ, यातला 'बे' तोच. आपल्या 'समक्ष' या शब्दात अक्ष, म्हणजे डोळा, बसलाय, तसा 'माए'त 'मे' बसलाय.

मग डोळ्यांपुढची बाजू भूतकाळ कशी झाली? भाषाशास्त्रातले पुष्कळ लोक रांगेचं उदाहरण देतात: रांगेत जो पुढे तो आधी पोचतो, म्हणून 'पुढे' म्हणजे 'आधी'. हे 'साकी' या शब्दाला चपखल बसतं. साकी म्हणजे टोक, अग्र. पण 'माए'लाही तोच नियम लावून मोकळं होणं मला मुळीच पटत नाही. रांगेला डोळे नसतात, आणि या शब्दात तर डोळा आहे! जे होऊन गेलं ते माणसाला दिसतं, जे यायचंय ते पाठीमागून येतं. माझ्या मते 'माए'चा काळ इथून आला.

माझ्या बाजूने आणखी एक शब्द उभा करतो. पूर्व दिशा म्हणजे 'हिगाशी', त्याचं जुनं रूप 'हिमुकाशी'. हि म्हणजे सूर्य. 'मुका' म्हणजे तोंड करणं. याच धाटणीचा 'मुकाई' (समोरच्या बाजूला) तुमच्या याच धड्यात सापडेल. आणि 'शी' म्हणजे दिशा. सूर्याकडे तोंड केलेली दिशा. आता 'हि' बाजूला काढा. उरतं 'मुकाशी', आणि जपानीत 'मुकाशी' म्हणजे फार पूर्वी. तिथल्या गोष्टी 'मुकाशी मुकाशी' म्हणून सुरू होतात, आपल्या 'आटपाट नगर होतं'सारख्या. जिकडे तोंड, ती पूर्व. जिकडे तोंड, तो पूर्वीचा काळ. काही कोशकार या 'मुकाशी'पाशी हात आखडता घेतात आणि व्युत्पत्ती अनिश्चित म्हणून पुढे सरकतात. पूर्व आणि पूर्वी हे शब्द लहानपणापासून बोलणारा माणूस इतका घाबरला नसता. संस्कृतात 'पूर्व' म्हणजे समोरचा, आधीचा आणि उगवतीकडचा, 'प्राक्'चंही तेच. दोन भाषांचं एकमेकींशी काही नातं नाही, आणि उगवत्या सूर्याकडे तोंड करून दोघींनी एकच शब्द घडवला. मला हे कितीदाही सांगायला आवडेल.

म्हणून म्हणतो, बोलीतलं 'मागे' आठवू नका, 'पूर्वी' आठवा. 'गोज़ेन' म्हणजे सकाळची वेळ. अक्षरांनी पाहिलं तर दुपारच्या 'माए'ची. आपला पूर्वाह्ण. गेला आठवडा 'सेन्शू'. यातला 'सेन्' हे 'साकी'चंच चित्राक्षर, म्हणजे आपला 'मागचा आठवडा' जपानीत अक्षरशः 'पुढचा आठवडा' आहे. येता आठवडा मात्र 'राइशू', आणि त्याचा अर्थही शब्दशः 'येता आठवडा'च. तीन वर्षांनंतर म्हणायचं असेल तर 'सान्नेन गो'. हा 'गो' लिहितात 'उशिरो'च्याच चित्राक्षराने. आपल्या 'पश्चात्'मध्येही 'मागे' आणि 'नंतर' असे दोन्ही अर्थ नांदतात.

आणि 'सेन्सेई'? सेन् म्हणजे अग्र, सेई म्हणजे जन्म. अग्रज! आपण थोरल्या भावाला म्हणतो तो शब्द त्यांनी गुरुजींना दिला.

राहिलं तोनारी आणि योको. तोनारी एकाच जातीच्या दोन गोष्टींना: घराशेजारी घर, माणसाशेजारी माणूस, बँकेशेजारी पोस्ट. योको म्हणजे नुसती आडवी बाजू, तिला जात लागत नाही. बँकेशेजारी सायकल लावली असेल तर 'गिन्को नो योको' म्हणा.