दवाखान्यासाठी गावाने वर्गणी काढावी काय?

प्रश्न : सरकारी खर्चाला कात्री लागल्याचे सांगून आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या बाहेरून घ्यायला सांगतात. औषधनिर्मात्याचे पदही रिक्त आहे. सोयाबीनचे चुकारे हाती येताच घरटी वर्गणी काढून औषधे घ्यावीत आणि एक माणूस मानधनावर ठेवावा, असा ठराव ग्रामसभेपुढे येत आहे. आपले मत कळवावे.
— ग्रामपंचायत सदस्य, वणी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : मानधनाचा भाग ठरावातून वगळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गावाने पगार देण्यास सुरुवात केली की केंद्राचे काम सुरळीत चालल्याचे वरच्या कार्यालयास दिसते आणि रिक्त पदाची निकड कागदावरून नाहीशी होते. पुढे कपाशीवर बोंडअळी आली, तर वर्गणीही थांबेल आणि माणूसही जाईल. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या योजनेत शेतकरी सुगीला ज्वारी देत, हा दाखला आपल्या भागात नेहमी दिला जातो. मात्र तेथे ज्वारीच्या मोबदल्यात उपचाराची हमी घेणारे रुग्णालय उभे होते, आपल्या वर्गणीमागे तशी कोणतीही हमी नाही.

औषधांची गोष्ट वेगळी आहे. 2005 साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडे अबंध, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला, निधी येत आला असून तातडीच्या किरकोळ गरजा त्यातून भागवता येतात. वैद्यकीय अधिकारी समितीचे सचिव असतात. त्यांच्याकडे शिलकीचा आणि मागील वर्षीच्या खर्चाचा हिशेब लेखी मागावा. अभियानात केंद्र व राज्य यांचा वाटा 60:40 असल्यामुळे राज्याचा हिस्सा रखडला, तर पुढचे हप्तेही अडकू शकतात आणि पैसा नेमका मार्चअखेर हाती पडतो. अशा वेळी तो घाईने रंगरंगोटीवर उडू नये व पावसाळ्यात सर्पदंशावरील प्रतिविषाचा तुटवडा पडू नये, म्हणून समितीने प्राधान्यक्रम आधीच मंजूर करून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

आपला तालुका कोळशाच्या पट्ट्यात आहे, ही जमेची बाजू आहे. 2015च्या कायदादुरुस्तीनंतर खाणधारकांकडून जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे रक्कम जमा होते आणि त्याच वर्षीच्या मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार त्यातील किमान 60 टक्के खर्च पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण अशा उच्च प्राधान्याच्या कामांवर करावयाचा होता; 2024च्या सुधारित सूचनांत हे प्रमाण 70 टक्के झाले. खाणीची धूळ आपण खातो आणि रक्तदाबाच्या गोळ्या मात्र पदरच्या पैशाने घेतो, हे कोणत्याही पालकमंत्र्यांसमोर मांडण्याजोगे आहे. त्यासाठी बाधित गावांच्या ग्रामसभांचे एकत्रित ठराव पाठवावेत; एकट्या गावाचे पत्र सहज बाजूला पडते.

ग्रामपंचायतीकडेही वाट आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या काळासाठी पंचायतींच्या मूळ अनुदानाचा 40 टक्के भाग अबंध ठेवला. तो संविधानाच्या अकराव्या अनुसूचीतील विषयांवर खर्च करता येतो आणि त्या विषयांत प्राथमिक आरोग्य केंद्रे व दवाखाने यांचा समावेश आहे. मात्र पगार व आस्थापना खर्च त्यातून करता येत नाही. गावाच्या विकास आराखड्याच्या ग्रामसभेत उपकेंद्राची दुरुस्ती, पाणी, वीज ही कामे मांडल्यास आरोग्य केंद्राचा निधी औषधांसाठी मोकळा राहतो.

राहिला काटकसरीचा मुद्दा. करोनाकाळात राज्याने 4 मे 2020 रोजी विभागांचा खर्च अंदाजपत्रकाच्या 33 टक्क्यांवर आणला, तेव्हाही सार्वजनिक आरोग्य विभाग प्राधान्याच्या विभागांत होता. त्यामुळे ‘वरून कपात आहे’ एवढ्या तोंडी उत्तरावर थांबू नये. कपात कोणत्या आदेशाने झाली आणि औषधांची मागणी कोणत्या तारखेस नोंदवली, हे माहिती अधिकारात विचारावे. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. एवढे करूनही गोळ्या मिळाल्या नाहीत, तर एका हंगामापुरती वर्गणी काढण्यास माझी हरकत नाही. मात्र ती समितीच्या खात्यात पावतीने जमा करावी.

प्रश्न : केस पेपरचे पैसे पुन्हा घेतल्यास दवाखान्याला हक्काचे उत्पन्न मिळणार नाही काय?
— वाचक, एटापल्ली, जि. गडचिरोली

उत्तर : सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत, त्यामुळे स्थानिक पातळीवर असे शुल्क लावता येणार नाही. ज्याची दवाखान्यात येताना दिवसाची मजुरी आधीच बुडाली आहे, त्याच्याकडून ते घ्यावे, असे मला वाटतही नाही. शुल्क बंद झाल्याने रुग्ण कल्याण समितीचे जे उत्पन्न गेले, त्याची भरपाई अंदाजपत्रकात मागणे हा अधिक रास्त आग्रह आहे. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून मिळणाऱ्या 5 टक्के अबंध निधीतही आरोग्याचे काम बसते. पुढील ग्रामसभेत तो विषय लेखी स्वरूपात द्यावा.